होमस्कूलिंगचं रोजचं टाइमटेबल: छोटं, झेपणारं आणि टिकणारं कसं बनवायचं

होमस्कूलिंग करायचं ठरलं की पहिल्याच रात्री आपण काय करतो, तर टाइमटेबल काढायला बसतो. मीही तेच केलं होतं. नऊ ते तीन, मधे दोन ब्रेक, सात पिरियड, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, आणि तो कागद भिंतीवर लावला तेव्हा खरंच खूप बरं वाटलं होतं. थोरली तेव्हा सात वर्षांची होती, धाकटा दोनचा. आठव्या दिवशी सकाळी अकरा वाजता ती टेबलाखाली बसून रडत होती, धाकट्याने तिच्या वहीवर पाणी सांडलं होतं, आणि मी घड्याळाकडे बघत मनात मोजत होते की अजून चार पिरियड राहिलेत. त्याच दुपारी कागद काढून टाकला. नंतर जे टाइमटेबल बनलं ते दीड तासाचं होतं आणि त्याच्यावर आमची पुढची दोन वर्षं नीट गेली, वाचन सुरळीत झालं, पाढे झाले, आणि मुख्य म्हणजे सकाळी उठल्यावर घरात कुणालाच पोटात गोळा येत नव्हता.

त्यातून जे कळलं ते आधीच सांगते. आपण टाइमटेबल बनवतो ते सगळं छान चाललेल्या दिवसाचं, जेव्हा झोप झालेली असते, कुणी आजारी नसतं, फोन येत नाही. असे दिवस महिन्यात किती असतात? म्हणून टाइमटेबल बनवायचं ते बिघडलेल्या दिवसात सुद्धा पार पडेल असं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

आधी एक शंका: एवढ्याशा वेळात होतं का?

होतं. शाळेचा दिवस सहा तासांचा असतो पण त्यात हजेरी असते, वह्या काढणं-ठेवणं असतं, वर्ग शांत होण्याची वाट बघणं असतं, तीस-चाळीस जणांचं लिहून होईपर्यंत थांबणं असतं. घरी तुम्ही शेजारीच बसलेले असता, सातव्या गणितात हातचा विसरला हे तिथल्या तिथे दिसतं आणि कळलेलं असेल तर तीच दहा गणितं परत घालायची गरज नसते. १९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी याच्यावर एक गाजलेला लेख लिहिला, एकास-एक शिकवणं आणि एक गोष्ट नीट जमल्याशिवाय पुढे न जाणं हे दोन्ही मिळून केलं तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या साधारण ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं असं त्यात मांडलं होतं. नंतरच्या अभ्यासांत इतका प्रचंड फरक दिसला नाही, पण एकास-एक शिकवण्याचा फायदा पुन्हा पुन्हा दिसत आलाय.

माझा स्वतःचा अंदाज विचाराल तर, म्हणजे बसून करायचा अभ्यास फक्त: सहा ते आठ वर्षं, एक ते दीड तास. नऊ ते अकरा, दोन-अडीच तास. बारा-तेराच्या पुढे तीन ते चार, आणि त्यातला बराचसा त्यांचा त्यांनी केलेला. सहाच्या खालचं मूल असेल तर टाइमटेबल करूच नका प्लीज, गोष्टी वाचून दाखवा, मोजामोजी करा, चित्रं काढू द्या, बाहेर सोडा, पुरे आहे.

नियम तपासा, हे टाळू नका

हे कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात आधी करायचं. होमस्कूलिंगचे नियम जागोजागी इतके वेगळे आहेत की दुसऱ्या ठिकाणच्या कुणाचं टाइमटेबल उचलून चालत नाही. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणंच बंधनकारक आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वर्षाला १००० तासांचं शिक्षण धरलंय, त्यातले ६०० मुख्य विषयांचे. इंग्लंडमध्ये तासांचा आकडा नाही आणि शाळेच्या वेळा पाळायचीही सक्ती नाही. तुमच्या इथे काय आहे ते अधिकृत ठिकाणी वाचा: कळवावं लागतं का, तास किंवा दिवस मोजतात का, कुठले विषय हवेतच, परीक्षा आहे का, नोंद ठेवावी लागते का. हे पाच प्रश्न एका कागदावर आणि समोर उत्तरं. तासांची अट असेल तर घाबरू नका, फक्त "तास" म्हणजे नेमकं काय धरतात ते बघा, कारण बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसलेलाच वेळ धरायचा असं नसतं, सहल, प्रयोग, वाचन, वाद्य शिकणं हेही शिक्षणातच येतं.

पहिली पायरी: एक आठवडा नुसतं बघा

मूल शाळेतून नुकतंच काढलं असेल तर एक आठवडा काय, चांगले तीन-चार आठवडे द्या. शाळेत काही त्रास झाला असेल तर त्याहून जास्त. या काळात शिकवायचं नाही, एक छोटी वही घ्यायची आणि लिहून ठेवायचं. मूल आपणहून कधी उठतं, उठल्यावर किती वेळाने बोलायला लागतं, कधी डोकं ताजं असतं, कधी चिडचिड सुरू होते, भूक कधी लागते. माझी मुलगी सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास कुणाशी बोलत नाही आणि मी तिला त्याच अर्ध्या तासात गणित घालत होते, हे मला तिसऱ्या दिवशी वहीत वाचून कळलं, त्याआधी मी समजत होते की तिला गणित आवडत नाही.

स्वतःचंही लिहा. हे बहुतेक जण लिहित नाहीत. तुमचं काम कधी असतं, फोन कधी येतात, बाळ कधी झोपतं, तुमचा आवाज कधी चढतो. शिकवणारं माणूस थकलेलं असेल तर उत्तम टाइमटेबल पण चालत नाही.

दुसरी पायरी: कमीत कमी दिवस ठरवा

आता एक प्रश्न. घरात कुणाला तरी ताप आहे, रात्री झोप झालेली नाही, दुपारी बाहेर जायचंय. अशा दिवशी सुद्धा कुठल्या तीन गोष्टी झाल्या तर तुम्हाला शिकणं चालू आहे असं वाटेल? लहान मुलांसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: वाचन, थोडं लिहिणं, थोडं गणित. बस. हे तिन्ही असे आहेत की रोज थोडं थोडं केल्यावरच अंगात मुरतात आणि मधे खंड पडला की मागे जातात, इतिहासाचं किंवा विज्ञानाचं तसं नाही, ते पंधरा दिवसांनी उचललं तरी चालतं.

सात वर्षांच्या मुलासाठी कमीत कमी दिवस असा: १५ मिनिटं वाचन, १० मिनिटं लिहिणं, १५ मिनिटं गणित. झाली ४० मिनिटं. हे लिहून काढा आणि त्याच्या खाली रेघ मारा. रेघेच्या वरचं झालं की त्या दिवसाचा अभ्यास झाला, पूर्ण झाला. रेघेच्या खालचं म्हणजे विज्ञान, चित्रकला, नकाशे, दुसरी भाषा, जे असेल ते, वेळ आणि ताकद असेल तर. हा फरक कागदावर असायला हवा, नुसता मनात ठेवला तर संध्याकाळी आपण राहिलेल्या गोष्टीच मोजत बसतो.

तिसरी पायरी: वेळ लिहू नका, क्रम लिहा

"९:०० गणित, ९:३० वाचन" असं लिहिलं आणि सकाळी वीस मिनिटं उशीर झाला की सगळा दिवस उशिराच चालतो आणि सगळ्यांचा मूड जातो. त्यापेक्षा घरात रोज ज्या गोष्टी होतातच त्यांना अभ्यास बांधा. नाश्ता झाला की गणित. अंघोळ झाली की लिहिणं. जेवण झालं की मोठ्याने वाचन. नाश्ता आठला झाला काय आणि दहाला झाला काय, नंतर गणित. मुलांना हे पटकन कळतं कारण पाच-सहा वर्षांच्या मुलाला साडेनऊ म्हणजे काय ते धड माहीत नसतं पण नाश्त्यानंतर म्हणजे काय ते पक्कं माहीत असतं.

क्रमात सगळ्यात अवघड विषय कुठे ठेवायचा? बरेच जण सांगतात पहिला. मी म्हणते दुसरा. पहिली पाच-दहा मिनिटं हमखास जमणारं काहीतरी, ओळखीचं पान वाचणं किंवा कालची उजळणी, मग अवघड. थंड इंजिनाला एकदम चढ नको. आणि शेवटी मुलाच्या आवडीचं, म्हणजे अभ्यास संपताना मूल टेबलापासून पळत सुटत नाही. एकसारखे दोन विषय शेजारी ठेवायचे नाहीत, म्हणजे लिहिण्यामागून परत लिहिणं नको, हात दुखतो आणि मग विषयच नको वाटायला लागतो. लिहिणं झालं की ऐकणं, मग तोंडी, मग हाताने करायचं काहीतरी.

चौथी पायरी: एकेक धडा किती मिनिटांचा

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथेच टाइमटेबल टिकतं किंवा मोडतं.

छोटा ठेवा. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञ होत्या, त्यांनी लहान मुलांचा एक धडा २० मिनिटांच्या वर जाऊ नये असं सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि कारण पण सांगितलं होतं की धडा लांबला की मुलाला रेंगाळायची सवय लागते. मी हे माझ्या मुलांवर बघितलंय. गणित पाऊण तासाचं होतं तेव्हा थोरली पहिला अर्धा तास पेन्सिलीला टोक करण्यात घालवायची कारण तिला माहीत होतं की लवकर झालं तर आई अजून घालणार. १५ मिनिटं केल्यावर आणि खरंच पंधराव्या मिनिटाला वही बंद केल्यावर, पहिले दोन-तीन दिवस तिचा विश्वास बसला नाही, मग ती पहिल्या मिनिटापासून काम करायला लागली.

म्हणून नियम असा की टायमर वाजला की थांबायचं, गणित अर्ध्यात असलं तरी. उद्या तिथूनच पुढे. अर्धवट सोडल्यावर वाईट वाटतं, मला अजूनही वाटतं, पण मुलाला "अजून एक करू का" असं वाटत असताना थांबलेला धडा दुसऱ्या दिवशी विनाभांडण सुरू होतो. टायमर आवाजाचा असण्यापेक्षा डोळ्याला दिसणारा असला तर बरा, वाळूचं घड्याळ किंवा काटा सरकणारा. काही मुलं टायमर बघूनच घाबरतात, त्यांच्यासाठी मिनिटांऐवजी मोजून द्या, पाच गणितं किंवा एक पान.

आता त्या पंधरा मिनिटांत काय करायचं? गणिताचं माझं असं आहे. पहिली तीन मिनिटं तोंडी, जुन्यातलं. मग सात मिनिटं नवीन, शेजारी बसून, मणी किंवा काड्या किंवा जे हाताला लागेल ते घेऊन. शेवटची पाच मिनिटं मूल एकटं, तीन किंवा चार गणितं. वीस नाही. चार बरोबर आली तर त्याला जमतंय हे कळलं, आणि चारही चुकली तर वीस घालून काय होणार होतं.

पाढ्यांचं उदाहरण देते म्हणजे रोज थोडं म्हणजे किती ते लक्षात येईल. दोन ते नऊच्या पाढ्यांमध्ये दोन ते नऊपर्यंतचे गुणाकार धरले तर ६४ होतात. पण सात आठे आणि आठ साते एकच, म्हणून खरे पाठ करायचे फक्त ३६. रोज एक नवीन आणि आधीच्यांची उजळणी, आठवड्याचे पाच दिवस, तर साधारण आठ आठवड्यांत सगळे एकदा होऊन जातात, रोजची तीन मिनिटं देऊन. आणि मागे पडलो असं वाटून रविवारी दोन तास पाढे घेत बसलात तर मंगळवारपर्यंत अर्धे गेलेले असतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला फार वेगाने विसरलं जातं आणि एका दमात केलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांत वाटून केलेलं जास्त टिकतं. छोट्या टाइमटेबलचं सगळं बळ यातच आहे, रोजच्या दहा मिनिटांचे पाच दिवस हे एका दिवसाच्या पन्नास मिनिटांपेक्षा भारी पडतात.

वाचनाच्या धड्याला एक जोड द्या. वाचून झालं की पुस्तक बंद करा आणि म्हणा, सांग बघू काय झालं. प्रश्नपत्रिका नको, त्याच्या शब्दांत सांगू दे, चुकलं तरी मधे तोडू नका. आठवून सांगण्याने जे डोक्यात बसतं ते परत परत वाचून बसत नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी कॉलेजच्या मुलांवर हे तपासलं होतं, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. या दोन मिनिटांमुळे वेगळी वर्कशीट लागत नाही, तेवढा वेळ आणि कागद दोन्ही वाचतात.

पाचवी पायरी: बाकीच्या विषयांना वार देऊ नका

विज्ञान सोमवारी, इतिहास मंगळवारी, चित्रकला बुधवारी असं केलं की होतं काय, दोन सोमवार काही ना काही निघालं की विज्ञान तीन आठवडे मागे आणि आपल्या डोक्याला घोर. त्याऐवजी यादी करा. विज्ञान, इतिहास, नकाशे, चित्र, संगीत, परत विज्ञान (आमच्याकडे विज्ञान जास्त आवडतं म्हणून ते दोनदा). यादीला एक क्लिप लावा. आज वेळ मिळाला तर क्लिपच्या समोरचा विषय घ्यायचा, झाला की क्लिप एक घर खाली. नाही मिळाला तर क्लिप तिथेच. कुठलाच विषय "बुडत" नाही, फक्त सरकतो. यादी संपली की वरून सुरू. याला २५-३० मिनिटं ठेवा, प्रयोग वगैरे असेल तर लांबू दे, मूल रमलंय तर तोडायचं नाही. टायमरचा नियम रेघेच्या वरच्या तीन गोष्टींना, खालच्यांना नाही.

तर सात-आठ वर्षांच्या मुलाचा पूर्ण दिवस असा दिसतो: नाश्त्यानंतर १५ मिनिटं वाचन आणि सांगणं. लगेच १५ मिनिटं गणित. मग २०-३० मिनिटं उठून पळापळ, शक्यतो बाहेर. आल्यावर १० मिनिटं लिहिणं. मग यादीतला एक विषय, २५ मिनिटं. जेवणानंतर तुम्ही वाचून दाखवायचं, २० मिनिटं, मूल लोळत ऐकलं तरी चालतं. बेरीज केली तर ८५ मिनिटं.

दोन किंवा जास्त मुलं असतील तर

प्रत्येकाचं वेगळं टाइमटेबल केलंत तर तुमचा दिवस संपणार नाही. जे एकत्र होईल ते एकत्र करा, म्हणजे वाचून दाखवणं, विज्ञान, इतिहास, चित्र. मोठ्याकडून फक्त जास्तीचं काम घ्यायचं, लहान चित्र काढेल आणि मोठा चार वाक्यं लिहील. वेगळं फक्त गणित आणि वाचायला शिकणं. एकाला तुम्ही घेताय तेव्हा दुसऱ्याला असं काम हवं की ज्यात तो तुम्हाला हाक मारणार नाही, म्हणजे आधीच जमणारं, नवीन काही नाही.

दोन-तीन वर्षांचं पिल्लू घरात असेल तर एक गोष्ट नक्की करून बघा: अभ्यासाच्या आधी पहिली दहा मिनिटं त्याला द्या. फक्त त्याला. मांडीवर घेऊन पुस्तक, ठोकळे, काहीही. आम्ही आधी धाकट्याला खेळणी देऊन बसवायचो आणि दर दोन मिनिटांनी तो यायचा, त्याला आधी भरपूर आई मिळाल्यावर तो वीस मिनिटं सोडायला लागला. शिवाय एक खोका फक्त अभ्यासाच्या वेळी निघेल असा ठेवा, एरवी वर कपाटात.

नोकरी किंवा घरून काम करत असाल तर

अभ्यास सकाळीच झाला पाहिजे असं काही नाही. ४० मिनिटांचे दोन तुकडे करता येतात, २० मिनिटं कामाच्या आधी आणि २० संध्याकाळी. शनिवार-रविवार अभ्यासाचे आणि मंगळवार सुट्टीचा असंही करता येतं. दोघं पालक असाल तर विषय वाटून घ्या, एकाचं गणित, एकाचं वाचन, "जो मोकळा असेल तो घेईल" असं ठेवलंत तर कुणीच मोकळं नसतं. फक्त मीटिंगच्या अर्धा तास आधी नवीन धडा सुरू करू नका, मन घड्याळात असतं आणि मुलाला ते बरोबर कळतं.

झोप, खेळ, स्क्रीन

हे टाइमटेबलमध्ये लिहायचंच, उरलेल्या वेळात बघू असं नाही. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जे सांगितलं त्यानुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते आणि तेरा ते अठराला ८ ते १०. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, त्यांना रात्री उशिरा झोप येते, तो आळस नसतो. घरी शिकण्याचा हा इतका मोठा फायदा असताना चौदा वर्षांच्या मुलाला सहाला उठवून बीजगणित का घालायचं, मला कळत नाही. त्याचं दहाला सुरू होऊ दे.

जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल सांगते. शाळेच्या मैदानावर ती थोडीफार आपोआप होते, घरी होत नाही, म्हणून ती क्रमात कुठेतरी बांधा. आणि ऑनलाइन क्लास असतील तर ते पण अभ्यासाच्या बेरजेत धरा, वरून जास्तीचे नाही. डोळ्यांसाठी सोपा नियम, दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांबचं काहीतरी बघायचं.

मोठ्या मुलांसाठी टाइमटेबल त्यांच्या हातात

अकरा-बाराच्या पुढे रोजचा क्रम तुम्ही ठरवू नका. आठवड्याची यादी द्या, गणिताचे चार भाग, एक निबंध, विज्ञानाचं एक प्रकरण, अमुक पानं वाचन, आणि कधी काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. पहिल्या दोन आठवड्यांत सगळं शुक्रवारवर ढकललं जाईल. जाऊ दे. शुक्रवारी शांतपणे बरोबर बसा, काय राहिलं, का राहिलं, पुढच्या वेळी कुठे ठेवायचं. तुम्ही रोज फक्त दहा मिनिटं भेटायचं, काल काय झालं ते दाखव, कुठे अडलास, आज काय घेणार. त्या भेटीची वेळ मात्र ठरलेली असू द्या, कारण ती हुकली की तीन दिवस कुणी काही विचारतच नाही आणि मग एकदम भडका उडतो.

बिघडतंय हे कसं ओळखायचं

एकाच जागी रोज रडू येतंय, तर तो विषय जागचा हलवा किंवा निम्मा करा. रोज अर्धा तास जास्त लागतोय, तर मूल संथ नाही, तुम्ही जास्त ठेवलंय, एक गोष्ट काढा. मूल बसायलाच तयार नाही, तर आधी बघा की अवघड जातंय की कंटाळा आलाय, कारण दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं. माझी पद्धत अशी की दोन पायऱ्या मागचं सोपं काम देते. ते झरझर केलं तर अवघड जात होतं, मागून परत चढत यायचं. तेही नको म्हटलं तर कंटाळा किंवा थकवा, त्या दिवशी वाचून दाखवायचं आणि बाहेर जायचं. अक्षरं ओळखायला किंवा वाचायला महिनोन्‌महिने खूपच जड जात असेल तर मात्र टाइमटेबल बदलत बसू नका, डोळे आणि कान तपासून घ्या आणि शिकण्यातल्या अडचणी बघणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा.

काही बदलायचं तर एका वेळी एकच, आणि दोन आठवडे तसंच ठेवून बघा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मी सलग सहा आठवडे अभ्यास आणि एक आठवडा मोकळा असं करते, त्या मोकळ्या आठवड्यात पुढचं सामान काढून ठेवते.

नोंद अभ्यास झाल्यावर करा, आधी नाही. दिवसाला तीन ओळी पुरतात: "सात आठे नीट आलं. गोष्ट पान १२ ते १५, शेवट स्वतः सांगितला. लिहिताना ड आणि इ मध्ये गोंधळ." पुढच्या महिन्यात प्रगती होत नाहीये असं वाटायला लागेल तेव्हा या ओळी काढून वाचायच्या, आणि कुणी अधिकृतपणे नोंद मागितली तरी हीच कामाला येते.

सुरुवात एकदम करू नका

पहिल्या आठवड्यात फक्त वाचन आणि वाचून दाखवणं, नाश्त्यानंतर आणि जेवणानंतर. दुसऱ्या आठवड्यात गणित जोडा. तिसऱ्यात लिहिणं. चौथ्यात क्लिपवाली यादी. एखादा आठवडा डळमळला तर पुढचं न जोडता तोच परत घ्या, घाई कुणालाच नाहीये. पाचव्या आठवड्यात मुलाला शेजारी बसवून विचारा की यातला कुठला भाग सगळ्यात नकोसा वाटतो आणि कुठला थोडा जास्त वेळ हवा, उत्तर वहीत त्याच्याच शब्दांत लिहा, आणि पुढच्या दोन आठवड्यांसाठी तेवढा एकच बदल करा.